बाळापूरजवळची मोकळी खोली

अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या वऱ्हाडात कापूस ठेवायला जागा पुरेना. अकोल्याच्या एका व्यापाऱ्याचा माणूस म्हणून मी खेड्यापाड्यांतल्या जुन्या घरांत जागा शोधत फिरायचो.

बाळापूरजवळच्या एका गावात असंच एक धाब्याचं मातीचं घर लागलं. ओसरीपासून माजघरापर्यंत कापूस भरला होता आणि चूल अंगणात आली होती. फक्त एक खोली मोकळी होती. पदर खोचून घरधनीण तिच्या भिंती पांढऱ्या मातीनं सारवत होती.

“बाई, उद्या आमच्या गाड्या येतील. ही खोली द्या,” मी म्हटलं.

“नाई भेटत. पोरगी बाळंतपणाले येऊन राहिली.”

भाडं दुप्पट देतो म्हटलं, तरी तिचा हात थांबला नाही. मग तिनं माझी उंची न्याहाळली आणि मातीत भिजवलेला बोळा माझ्यापुढे धरला.

“वरतं माहा हात पोचत नाई. तुमी सारवा.”

मी पागोटं उतरवलं आणि सारवू लागलो. भिंत संपल्यावर विचारलं, “शेठना काय सांगू?”

“सांगा, जागा भरली.”

अकोल्यात शेठनं विचारलं, तेव्हा मी तेच सांगितलं. खोटं बोलतोय असं मला मुळीच वाटलं नाही.