अळंबीत बसलेला

अळंबीमावशी विकायला आणलेल्या अळंबीशी बोलायची. वटारहून येऊन ती बोळिंजच्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी पावसाळाभर बसे. तिची अळंबी छत्रीची नव्हे; गोल, बिनदेठाची, अंड्याएवढी पांढरी. गिऱ्हाइकासमोर ती एकेक उभी चिरायची. आतून खोबऱ्यासारखी शुभ्र निघाली, की टोपलीत. पण एखादीत फिकट रेघा दिसायच्या, मिटलेली छत्री आणि खाली दांडा, जणू गुडघ्यांत मान घालून कोणी बसलंय. ती दुसऱ्याच, विषारी जातीची कळी. मावशी छातीवर क्रूस काढायची आणि विचारायची, "कोनाच्या घरी निघालास रे?" मग कुंपणाकडे नेऊन पुरायची.

"पत्ता सांगितला का त्यानं?" मी चिडवायचे. एकदा ती शांतपणे म्हणाली, "माज्याच घरचा सांगितला." न चिरलेल्या अळंबीच्या कालवणानं तिचा नवरा गेला होता. कालवण तिनंच रांधलेलं. त्यानंतर माझी चेष्टा बंद झाली.

पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी चिरणं चालूच होतं. एका दुपारी मी अळंबी घेऊन वर आले. माझ्या लेकीचा या भाजीवर फार जीव. ती ताट घेऊनच बसली होती. कांदा परतत होते तोच दार धडधडलं. मावशी धापा टाकत उभी. "गॅस बंद कर, बाय. तुज्या अळंबीत एक बसलाय."

चिरलेल्या फोडींवरून बोटं फिरवत तिनं दोन फोडी बाहेर काढल्या. मी त्या खिडकीपाशी नेल्या. उजेडात तिरप्या धरल्यावर रेघा दिसल्या.

"मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

"आता मला तो दिसत नाय," ती लेकीकडे बघत म्हणाली, "पन त्याला मी दिसते."

त्यानंतर तिनं अळंबी आणलीच नाही. वांगी, केळी घेऊन बसायची. मग एका पावसाळ्यात ती जागा रिकामीच राहिली. म्हातारपणानं गेली म्हणे. मला फार रडू आलं. माझं लेकरू तिनं वाचवलं होतं.

लेक कॉलेजात गेली तेव्हा स्टेशनजवळच्या नव्या मॉलमधून एकदा मशरूमचं पाकीट घेऊन आली. मी सवयीनं एक उभं चिरलं. आत मिटलेली छत्री, खाली दांडा. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यातही.

"आई, ही जातच तशी असते. सगळं जग खातं," लेक हसली.

खरंच आहे, मलाही ते पटतं. तिनं बटरमध्ये परतून बशीभर मशरूम खाल्ली. मी समोर बसून तिचा चेहरा बघत राहिले.