काडी चावणार कोण

वडिलांच्या कवळीची माहिती घरात दोघांनाच होती, मला आणि बायकोला. वरची पूर्ण, खालची अर्धी. ती बसवली तेव्हा मुलगी पुण्याला होस्टेलवर होती, आणि वडील खोलीचं दार लावल्याशिवाय कवळी काढत नसत. त्यामुळे मुलगी इथल्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या नोकरीसाठी परत आली तेव्हा तिला काही कळायचं कारण नव्हतं.

सोसायटीलाही कळलेलं नव्हतं. वडील कुहीजवळच्या एका गावात मास्तर होते. फाटकाजवळच्या बाकावर सकाळी आणखी चार निवृत्त माणसं बसत. त्यांच्यात वडिलांची ओळख ‘अठ्ठ्याहत्तरीतही बत्तीस दात असलेले गुरुजी’ अशी होती. हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नव्हतं. कोणी म्हटलं तर ते खोडून काढत नसत, एवढंच.

मार्चमध्ये मुलीनं घर प्लास्टिकमुक्त करायचं ठरवलं आणि न्हाणीघरातलं प्लास्टिक बाहेर काढलं. ब्रश, पेस्टच्या नळ्या, जीभ घासायची पट्टी, सगळं वर्तमानपत्रावर मांडलं. बायकोनं त्यातला एक ब्रश कूलरच्या पंपासाठी परत घेतला, एक कंगवे धुवायला आणि एक पायजम्यात नाडा ओवायला. आपल्या घरातून आजवर एकही ब्रश बाहेर गेला नाही, असं तिचं म्हणणं होतं. तपासलं तर ते खरं निघालं. नवे बांबूचे ब्रश आले ते फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून आले.

वडिलांनी बांबूचा ब्रश परत केला. कवळीला तो जमेल की नाही, ही त्यांची खरी शंका होती. ती बोलून दाखवता येत नव्हती, म्हणून ते म्हणाले, “आमी गावात कडुनिंबाची काडीच चावत होतो. मले हे लाकडाचे चमचे नको.”

चूक इथे झाली. मुलीला ही कल्पना बांबूपेक्षा पसंत पडली. फाटकाजवळ कडुनिंब होताच. दुसऱ्या दिवसापासून वडील काडी हातात घेऊन इमारतीला दोन फेऱ्या मारत, मग खोलीत येऊन दार लावत आणि चष्म्याच्या डब्यात लपवलेल्या जुन्या निळ्या ब्रशनं कवळी घासत.

फेऱ्या मारणारे गुरुजी पाहून लोकांनीही काड्या तोडायला सुरुवात केली. पंधरा दिवसांत झाड हात पोचेल तिथपर्यंत उघडं पडलं. कोणी फांदी ओरबाडली होती, कोणी सालीसकट ओढली होती. पर्यावरण वाचवायला निघालेल्या सोसायटीनं आपलं एकमेव कडुनिंब सोलून काढलं होतं. मुलीला फार वाईट वाटलं. झाडाला न दुखवता काडी कशी काढायची, हे शिकवायचं तिनं ठरवलं आणि लिफ्टमध्ये सूचना लावली. रविवारी सकाळी प्रात्यक्षिक. शेवटची ओळ अशी होती: गुरुजी स्वतः चावून दाखवतील.

वडिलांनी सूचना दोनदा वाचली. शनिवारी दुपारी त्यांनी मला खोलीत बोलावलं.

“चावली अन् निसटली तं? चार लोकांसमोर दात हातात येतीन.”

दात दुखतो म्हणून सांगा, असं मी सुचवलं.

“बत्तीस दातवाल्याचा दात दुखते म्हणू?” ते म्हणाले. “काहून मास्तरची नाचक्की करून राहिला गा?”

मग ते खलबत्ता घेऊन गच्चीवर गेले. काडीचं टोक कुटून त्यांनी चावल्यासारखा आयता कुंचा तयार केला आणि ती काडी सदऱ्याच्या खिशात ठेवली.

रविवारी झाडाखाली वीसेक माणसं जमली. शिकवताना वडील मोकळे होते. करंगळीएवढी जाड काडी, वीतभर लांब. ओरबाडायची नाही, कात्रीनं कापायची, आणि रोज वेगळ्या फांदीची. दात घासून झाले की चावलेलं टोक कापून टाकायचं, उरलेली काडी ओल्या फडक्यात ठेवायची, ती दुसऱ्या दिवशी चालते. शेवटी उभी चिरून जीभ साफ करायची. लोक लक्ष देऊन ऐकत होते. वडिलांचा हात खिशाकडे गेला, तेवढ्यात मुलीनं सगळ्यांसमोर एक ताजी काडी कापली आणि त्यांच्यापुढे धरली.

“आबाजी, आता चावून दाखवा.”

वडिलांनी काडी घेतली, नीट न्याहाळली आणि बाकावरच्या चौघांपैकी सोसायटीच्या अध्यक्षांकडे वळले. अध्यक्ष त्यांच्याहून वर्षानं मोठे.

“मोठ्याच्या आधी मी तोंड कसा लावू? पहिला मान तुमचा.”

अध्यक्षांनी काडी हातात घेतली. आपलं सकाळीच झालं म्हणाले आणि ती शेजारच्या निवृत्त बँकवाल्यांकडे दिली. बँकवाल्यांना कडू सोसत नव्हतं. तिसऱ्यांचा उपास होता. चौथ्यांनी कारणच दिलं नाही, काडी फक्त परत वडिलांकडे सरकवली. बोलण्यापुरती सोडली तर चारही जणांची तोंडं या काळात घट्ट मिटलेली होती.

मुलीनं बाकावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. शेवटी ती वडिलांवर थांबली. मग तिनं त्यांच्या हातातून काडी काढून घेतली आणि स्वतः चावली. डोळ्यांत पाणी आलं तरी चावत राहिली.

“शिकणाऱ्यानं आधी चावायची,” ती लोकांना म्हणाली. “आबाजींचा नियमच आहे तसा.”

असा नियम वडिलांनी कधी केला नव्हता. त्यांनी मान डोलावली.

घरी आल्यावर ती त्यांच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. तिनं विचारलं एवढंच, “ब्रश कोणता वापरता?”

वडिलांनी तिला आत घेऊन दार लावलं. मग चष्म्याचा डबा उघडून दाखवला.

“तो फेकू नका,” ती म्हणाली. “वापरात आहे तोवर तो कचरा नाही.”

“बरं. पण सूचना नको लावू वं याची.”

तिनं लावली नाही. बाकावर आता रोज सकाळी पाचही जण हातात काडी घेऊन बसतात. झाडाला त्यांचा काही त्रास नाही. एकेकाला एक काडी महिनाभर पुरते.