ढेकीवर रडलेली काकू

धप्प, धप्प. पायाने धान कांडायच्या ढेकीचा तो आवाज मला अजून ऐकू येतो, मित्रांनो. इंग्रज अजून जायचे होते. इथेच, केशोरीच्या आमच्या अंगणात, मी त्याच तालावर शाळेची कविता पाठ करायचो.

त्या वर्षी काकूचा मुलगा तलावात बुडाला. काकू रडली नाही, बोलली नाही. भिंतीला टेकून नुसती बसायची. अशा बाईला कामाला कुणी बोलवत नसे. पण शेजारची सखूबाई एक दिवस आलीच. "बसून काऊन राहिली व? माही कंबर गेली. ढेकीले पाय दे."

काकूने पाय दिला. ताल जमला, आणि मग तिला असा हुंदका फुटला की मी कविताच विसरलो. सखूबाई म्हणाली, "रडाचं तं रड माय, पाय नको थांबवू."

त्या संध्याकाळी काकू जेवली.

आज सकाळी गोंदियाहून नातीचा फोन आला. तिच्या बसला अपघात झाल्यापासून ती बसमध्ये पाऊल ठेवत नाही, म्हणून इकडे येतही नाही. "आबा, भीती वाटली की टाचा जमिनीवर आपटा म्हणे डॉक्टरीणबाई. येड्यावानी वाटते मले." मी तिला काकूची गोष्ट सांगितली.

तुमच्याकडे कुणी दुःख असं अंगातून बाहेर काढलं होतं का?

हे लिहीत होतो, तेवढ्यात कडी वाजली. दारात नात उभी.

"बसनेच आली, आबा. रस्ताभर टाचा आपटून राहिली होती. बाजूची बाई जाम चिडली."