पंगत उठवणारा सॅक्सोफोन

बिबॉप म्हणजे जॅझमधला तो सुसाट प्रकार, ज्यात एक सूर आपल्या कानाला लागेपर्यंत वाजवणारा पुढच्या गल्लीत पोचलेला असतो. मला त्याचं वेड आहे, घरात बाकी कोणाला नाही. बुऱ्हाणपूरच्या लग्नांत पूर्वी कोणी रघुनाथ मास्तर बिबॉप वाजवायचे, असं एका म्हाताऱ्या बँडवाल्याकडून कळलं आणि मी दुसऱ्याच दिवशी निघालो. बायको म्हणाली, खुशाल जा, फक्त येताना केळी आणू नका.

नाशिकहून सकाळची गाडी धरलीत तर जेवायच्या सुमाराला पोचाल. भुसावळ सुटलं की खिडकीत केळीच केळी. स्टेशन गावापासून लांब आहे. शेअर रिक्षा मिळते, भाडं आधी ठरवा. इतवारा बाजारात मावा जिलबी खाल्लीच पाहिजे. दोन खाल्ल्या की जेवणाचं नाव काढवत नाही. मी चार खाल्ल्या, त्यामुळे पुढचा सगळा तपास सुस्तीत झाला.

जिलबीवाल्याला मास्तरांबद्दल विचारलं, तर झारा कढईत सोडून तो हसायला लागला. "वो पंगत उठवनेवाले मास्टरजी?"

किस्सा असा. संस्थानं विलीन झाली तेव्हा एका लहानशा राजाचा बँड मोडला. राजेसाहेबांनी अमेरिकेहून आणलेल्या तबकड्या ऐकून सॅक्सोफोनवर तयार झालेले त्या बँडातले मास्तर सासुरवाडीला, म्हणजे इथे आले आणि लग्नाच्या बँडात शिरले. वरातीत त्यांच्या वाजवण्यावर कोणाला नाचता येईना, एकदा तर म्हणे घोडाच उलटा फिरला. पण जेवणं चालू असताना ते वाजवायला लागले की माणसं त्याच लयीत घास कोंबायची आणि पंगत झटक्यात उठायची. मग यजमान लोक बँड ठरवतानाच बजावायचे, मास्टरजींना वरातीत नको, पंगतीत बसवा. मी पोट धरून हसलो.

सिंधीपुऱ्यात त्यांची मुलगी राहते. कुसुमताई, निवृत्त शिक्षिका, पंचाहत्तरीच्या. ओट्यावर मोडीत द्यायची पितळी भांडी काढून ठेवली होती आणि त्यांच्यात चक्क सॅक्सोफोन आडवा पडला होता. चहा देऊन बाईंनी सरळच विचारलं, "भाऊ, तुम्ही जाणकार. खरं सांगा, बाबूजी वेडंवाकडं वाजवायचे का? तसं असेल तर आज देऊनच टाकते. सगळं गाव हसतं याच्यावर."

न ऐकता कसं सांगू, म्हटलं. रेकॉर्डिंग तर कुठेच नव्हतं.

बाईंनी उठून दार लावलं आणि तोंडानेच सुरू केलं. डुबा-डाबा-डुबीडी! लहानपणी रोज रियाज ऐकलेला, सगळा पाठ. सुरुवातीची वळणं मी ओळखली, ती तबकड्यांमधलीच होती. मास्तर चांगले नकलाकार होते म्हणायचे, असं वाटून थोडा हिरमुसलो. तेवढ्यात त्या भरधाव सुरांत हळदीच्या गाण्याची चाल घुसली. ती ताणली, उलटी केली, तुकडे करून उधळली आणि बरोबर समेवर आणून टाकली. हे मी कुठल्याच तबकडीवर ऐकलेलं नाही. मी बाईंना सांगितलं की पहिला भाग शिकलेला आहे, पण दुसरा फक्त तुमच्या वडिलांचा, दुसऱ्या कोणाचा नाही.

त्यांना आनंद झाला नाही, त्या भडकल्या. "मग मी का हसले हो सगळ्यांबरोबर? माझ्या लग्नात मीच सांगितलं, बाबूजी, आज नका वाजवू." आणि रडायला लागल्या. एवढ्यात मोड घेणारा आला. त्या गडबडीत त्याच्याबरोबर एक चांगलं रोजच्या वापरातलं पातेलंही गेलं, पण सॅक्सोफोनला बाईंनी हात लावू दिला नाही.

घरी येऊन जॅझवाल्या मित्रांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पुरावा? माझ्याकडे आहे ते मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं एका आजींचं डुबा-डाबा. तेवढ्यावर मास्तरांना बिबॉपच्या परंपरेत कोणी बसवणार नाही, हे मलाही कळतं. तरी चिडचिड व्हायची ती होतेच.

काल कुसुमताईंचा फोन आला. रोज फुंकून बघतायत, नुसती हवा येते. कोणी शिकवणारं असेल तर कळवा म्हणाल्या. मग आवाज एकदम बारीक केला.

"भाऊ, एक विचारू? घरात कोणाला विचारायची लाज वाटते. कवळी लावून वाजवता येतं का?"