पायरीवर सोडून ठेवलेला हॉर्न

या ग्रुपवर मी आजवर नुसता वाचक होतो, तोही टवाळ. तुमचे भुताखेतांचे अनुभव बायकोला वाचून दाखवायचो आणि दोघं मिळून हसायचो. मी नांदेडला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवतो. वायर जोडलेली असेल तर करंट जातो, नसेल तर जात नाही... माझी श्रद्धा एवढीच. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय, पण लिहितो.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. लातूरला आमचं तीन खोल्यांचं घर आहे. पुढं शहाबादी फरशीचं अंगण, मग लोखंडी गेट. अण्णा, म्हणजे माझे वडील, जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि आई तिथं एकटीच राहायची. दिवाळीनंतर ती न्हाणीत पडली. समोरच्या शेख चाचींना तिचा आवाज जाईपर्यंत तासभर तशीच पडून होती. तेव्हापासून तिला नांदेडला न्यायला दोनदा आलो आणि दोनदा हात हलवत परत गेलो. ही तिसरी खेप. रात्री ‘येते’ म्हणाली, आणि सकाळी बघतो तर बॅगेतल्या साड्या परत कपाटात.

“तू जा बाबा,” ती म्हणाली. “मला न्हाई जमायचं. तिथं मी काय करू?”

मी चिडलो. नको ते बोललो. खरं सांगायचं तर भीती वाटत होती – पुन्हा पडली आणि चाची घरी नसल्या तर? राग आला की मला हाताला काम लागतं, म्हणून अंगणात येऊन अण्णांच्या गाडीचं बॉनेट उघडलं. मी एसटीनं आलो होतो, परत जायचं होतं ते या गाडीनं. तिचा हॉर्न बसला होता. दाबला की नुसता घोगरा खोकायचा.

हा हॉर्न म्हणजे आमच्या घरातलं एक माणूसच होतं. मी दहावीत असताना अण्णांनी ती पांढरी गाडी सेकंडहँड घेतली. निलंग्याला लग्नाला जायचं असो की अर्धापूरच्या मावशीकडे, अण्णा अर्धा तास आधी स्टिअरिंगवर. मी मागच्या सीटवर घामाघूम. आणि आईचं आत आपलं चालूच – गॅस पुन्हा बघ, तुळशीला पाणी घाल, मागचं दार ओढून बघ. मग अण्णा वाजवायचे. एक लांब, दोन आखूड. लांबात हुकूम असायचा, आखूडांत अजिजी. आतून ठरलेलं उत्तर यायचं, “आले की ओ. जरा दम धरा.” एवढं झाल्याशिवाय आमची गाडी कधी हललीच नाही.

तर, आधी बॅटरीची मायनसची वायर काढली. मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो. मग जाळीमागून हॉर्न सोडवला, पायरीवर पेपर पसरून बसलो. पिनांवर हिरवा गंज चढला होता. त्या काचपेपरनं घासल्या, माती झाडली, मागचा स्क्रू जरासा फिरवला. सकाळचे दहा वाजले असतील. लख्ख ऊन होतं.

आणि हॉर्न वाजला.

एक लांब, दोन आखूड. आवाज गाडीतून आला. हॉर्न माझ्या मांडीवर होता, त्याला एकही वायर नव्हती. आणि आवाज घोगरा नाही... मी दहावीत होतो तेव्हाचा, मोकळा.

आतून आई म्हणाली, “आले की ओ. जरा दम धरा.”

पाठोपाठ कपाट उघडल्याचा आवाज, भराभर पावलं. मी उठून बॅटरी पाहिली. वायर सुटीच होती. गेटबाहेर गल्ली रिकामी. समोरच्या गच्चीवर शेख चाची चादरी वाळत घालत होत्या. त्यांनी वाकून विचारलं, “निकल रे क्या बेटा? अम्मी कू संभाल के ले जाना.” म्हणजे त्यांनीही ऐकला होता.

दहा मिनिटांत आई बॅग घेऊन बाहेर आली. माझ्याकडे पाठ करून तिनं कुलूप लावलं, तीनदा ओढून पाहिलं. तेवढ्यात मी हॉर्न बसवला, त्याची आणि बॅटरीची वायर जोडली. बरा झाला होता. ती पुढच्या सीटवर बसली.

अहमदपूर मागं पडल्यावर बोलली.

“मला वाटलं रागावलास, जातोस आता सोडून. हॉर्न वाजवलास ते लई बरं केलंस.”

मी गिअर बदलला.

“हुबेहूब त्यांच्यावाणी वाजवलास बघ,” ती म्हणाली. “सगळे नुसतं या म्हणतात रे. कुणी घाई केल्याबिगर माझं पाऊलच निघत न्हाई घरातून.”



आता ती नांदेडला रुळली आहे. मी मात्र ती सगळी वायरिंग किती वेळा डोक्यात आणि कागदावर मांडली. दुसऱ्या गल्लीतली गाडी म्हणावी, तर चाचींनी आम्हीच निघालो असं का समजावं? मला भास झाला म्हणावं, तर तो तिघांना एकदम कसा होईल?

आई अजून पाहुण्यांना सांगते, लेकानं बोलावलं म्हणून आले. मी गप्प बसतो. कारण त्या सकाळी मी हॉर्न दुरुस्त करत होतो, ते तिला तिथंच ठेवून एकट्यानं निघायचं ठरवून.