वाढत्या अंगाची जागा

फोटोसरांनी आयुष्यात एकही फोटो काढला नसेल. कॅमेरा हातात धरायलाही ते बिचकायचे. तरी आखातातल्या अल ऐनच्या आमच्या शाळेत त्यांना खऱ्या नावाने कोणी ओळखत नव्हतं. मूळचे रत्नागिरीकडचे, अंगाने चांगले ऐसपैस, शिकवायचे इतिहास. पण वर्षातून एकदा सगळ्या शाळेचा लांबच लांब फोटो निघायचा आणि त्यात कोणी कुठे उभं राहायचं, हे फक्त तेच ठरवायचे.

शाळा मुलांची, थेट इंग्रजी वळणाची. इंग्लंडमध्ये थंडी असते म्हणून आम्ही वाळवंटात कोट घालून घाम गाळायचो. हे फोटोही त्याच वळणातले. मोठ्या कॉरिडॉरच्या भिंतीवर ते पहिल्या वर्षापासून ओळीने लावले होते. नवा मुलगा आला की सर त्याला धरून त्या भिंतीपुढे न्यायचे. पहिल्या फोटोत भाड्याच्या व्हिलासमोर मूठभर मुलं, एक गोरे हेडमास्तर आणि शेजाऱ्यांची बकरी. "ही आपल्या शाळेतली एकमेव मुलगी," सर गंभीरपणे सांगायचे. वर्गात ते इंग्लंडचे राजे शिकवायचे, पण जीव सगळा या भिंतीत. मराठी मुलगा दिसला की मराठीत म्हणायचे, "राजेबिजे पुस्तकात आहेत रे. आपला इतिहास म्हणजे कोण कुठे उभा होता."

शाळा सोडलेल्या मुलाला ते कधी 'गेला' म्हणत नसत. "तो जरा फ्रेमबाहेर आहे," असं म्हणत. आम्ही त्यांची नक्कल करायचो. कोणी पाणी प्यायला गेला तरी तो आमच्या लेखी फ्रेमबाहेर.

मग मंदीत दुबईतली बांधकामं थांबली आणि ती झळ अल ऐनपर्यंत आली. वर्गातली बाकं रिकामी होऊ लागली. सकाळी एखादा मुलगा दिसायचा नाही आणि दुपारी कळायचं, त्याच्या बाबांची नोकरी गेली, सगळे इंडियाला परतले. माझ्या शेजारी बसणारा रायगडचा अदनान असाच गेला. माझी कंपासपेटी त्याच्याकडेच राहिली.

त्या हिवाळ्यात फोटोच्या दिवशी सरांनी रांगा लावल्या आणि गेलेल्या प्रत्येक मुलाची जागा मोकळी ठेवली. मल्याळी फोटोग्राफर वैतागला. "सर, बीच में गॅप आ रहा है. थोडा पास पास करो."

"गॅप नहीं है, बच्चे हैं. यल्ला, खींचो."

दात पडलेल्या तोंडासारखं दिसतंय, असं हेडमास्तर इंग्रजीत म्हणाले. "येस सर," फोटोसर शांतपणे म्हणाले, "बट इट इज अवर ओन माउथ."

मी नकळत अदनानच्या जागेत सरकलो होतो. सरांनी खांद्याला बोटं लावून मला बाजूला केलं. "वाढत्या अंगाची सोड. गणवेश शिवतात ना, तशी. परत येईल तेव्हा पोरगं उंच झालेलं असेल."

पुढच्या वर्षी आमची पाळी आली. बाबांचा प्रोजेक्ट आधी 'होल्ड'वर गेला, मग खलास. फोटोच्या आधीच पुण्याला निघायचं ठरलं. आई सामान बांधत होती, बाबा गॅलरीत बसून असायचे आणि मला काळजी एकच. मी भिंतीवर नसणार. शाळेच्या शेवटच्या दिवशी मी सरांना कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"सर, आय वोन्ट बी इन द फोटो."

"कुठे उभा राहणार होतास?"

"तिसरी रांग. अदनानच्या जागेशेजारी."

"बरं," ते म्हणाले. मोठ्या माणसाशी मिळवतात तसा हात मिळवला आणि वर्गावर निघून गेले.

त्या 'बरं'चा अर्थ मला पुढे कितीतरी वर्षं लागला नाही. इतकी मुलं गेली होती, सर कोणाकोणाची जागा लक्षात ठेवणार? पुण्याच्या शाळेत कोट नव्हता, तशी भिंतही नव्हती. सरांना विचारायचं खूप वाटायचं, पण नको ते उत्तर येईल म्हणून विचारलं नाही. मग ते नोकरी सोडून गावी गेल्याचं कळलं आणि काही वर्षांनी वारल्याचंही. त्या दिवशी मला फार पोरकं वाटलं.

नोकरीनेच मला पुन्हा दुबईत आणलं, मरीना भागातल्या एका ऑफिसात. एका शनिवारी गाडी काढली आणि अल ऐन गाठलं. शाळेला सुट्टी होती, पण वॉचमनने आत सोडलं. भिंत होती. बकरीही होती. मी निघून गेलो त्या वर्षाचा फोटो शोधला. तिसऱ्या रांगेत सलग दोघांची जागा मोकळी. एक अदनानची, तिला लागून माझी. माझी तर चांगली रुंद, आज उभा राहिलो तरी मावलो असतो. मी भिंतीला हात टेकून रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मग सर गावी गेल्यानंतरचा फोटो पाहिला. सगळ्यांना उभं करून झालं की ते धावत येऊन हेडमास्तरांच्या उजवीकडच्या खुर्चीत बसायचे. त्या वर्षी खुर्च्या एकमेकींना चिकटून होत्या. मुलं खांद्याला खांदा लावून नीट उभी होती. जागा सोडायला लावणारा माणूसच उरला नव्हता.

मी वॉचमनच्या हातात मोबाइल दिला आणि त्या फोटोखाली उभा राहिलो.

"साब, थोडा बीच में आइए. साइड में बहुत जगह खाली है."

"रहने दो. ऐसे ही खींचो."

आणि मी आणखी थोडा बाजूला सरकलो. सर अंगाने चांगले ऐसपैस होते.