वैशाली आणि वळणाचं फाटक

पूल आखण्याआधी वैशाली माझ्या अंगणात खडूने दोन रेघा मारायची आणि त्यांच्यामधून माणसांना चालायला लावायची. डोक्यावर भाताचा भारा घेतलेली एक बाई, समोरून हंडा घेतलेली दुसरी, मग बांबूला झोळी बांधून केलेली डोली. धक्का लागला की रेघ पुसून आणखी लांब. "काकू, पुलावरून नुसता माणूस जात नाही, त्याचं ओझंही जातं," असं म्हणायची.

नील, अनया, पोरांनो, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. साखरशेत गावची मुलगी, इंजिनियर झाली, सरकारी बांधकाम खात्यात लागली आणि जव्हारला आपल्या मागच्या खोलीत राहायला आली. तिचे साकव, म्हणजे नदीवरचे पायपूल, वेगळे. नदीत एकही खांब नाही. दोन्ही काठांच्या कातळात रोवलेले पोलादी दोर आणि त्यांना टांगलेली वाट. पुरात वाहून येणारी झाडं खांबांना अडकतात आणि पूल घेऊन जातात, मग खांब हवाच कशाला, हा तिचा सरळ विचार. वरिष्ठ हसायचे, "झोपाळा बांधतेस का?" ती म्हणायची, "हो साहेब. तुमचे पडतात, माझा झुलेल."

दाभोशाच्या धबधब्याच्या पुढे एका पाड्यासाठी तिने असा साकव बांधला. पावसाळ्यात तिथली आजारी माणसं डोलीत घालून छातीभर पाण्यातून आणावी लागत. काही पोचतच नसत. उद्घाटनाला मीही तिच्याबरोबर जीपने गेले. पाहते तर साकवाच्या तोंडाशी लोखंडी फाटक, आत शिरताना दोनदा वळावं लागेल असं. मोटारसायकली जाऊ नयेत म्हणून खात्याने आदल्या दिवशी बसवलेलं. तिला विचारलंही नव्हतं.

वैशालीने हारफुलांकडे पाहिलं नाही. पाड्यातली डोली मागवली आणि स्वतः झोळीत बसली. "न्या मला पलीकडे." दोघांनी खांदा दिला. लांब बांबू पहिल्याच वळणावर अडला.

"जरा वळवून घ्या," मोठे साहेब म्हणाले.

"बांबू कसा वळंल, सायेब?" पुढचा माणूस म्हणाला. "तो काय साप हाय?"

लोक हसले. साहेबांना ते झोंबलं. "मग पेशंटने उतरून दोन पावलं चालावं."

झोळीतून वैशाली म्हणाली, "मूल आडवं आलेल्या बाईला तुम्हीच सांगा, उतर म्हणून. मी ऐकते."

कठड्याचं काम केलेले जव्हारचे रशीदभाई उरलंसुरलं काम उरकायला गॅस कटर घेऊन आलेले होते. "मॅडम, पाहुणे गेल्यावर कापू?" त्यांनी हळूच विचारलं.

"आत्ता. त्यांच्यासमोर."

फीत राहिली बाजूला, आधी फाटक कापलं गेलं. मग ती डोलीतूनच पलीकडे गेली.

त्याची शिक्षा झाली. तिचा पुढचा साकव मोखाड्याकडे व्हायचा होता, ते काम तिच्याकडून काढून घेतलं आणि पुढे त्याला कोणी हातही लावला नाही. 'उद्धट' असा शेरा देऊन तिची लांब बदली केली. तिने नोकरी सोडली. आता हिमालयात पूल बांधते. ती निघताना मी तिला म्हणाले, "संध्याकाळपर्यंत थांबली असतीस तर?"

"काकू, गुपचूप कापलं असतं तर त्यांनी गुपचूप परत लावलं असतं."

खरं होतं. सगळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे ते परत बसवायची कोणाची छाती झाली नाही. त्याच श्रावणात कळा सुरू झालेली एक बाई त्या साकवावरून वेळेत जव्हारच्या दवाखान्यात पोचली.

गावातले शहाणे अजून म्हणतात, पोरीने सबुरीने घ्यायला हवं होतं. मोखाड्याकडचा साकव झालाच नाही, तिथल्या पाड्यातली माणसं यंदाही दोर धरून पाण्यातून नदी ओलांडतात. मी शहाण्यांना सांगते, ही सबुरी त्यांना पलीकडच्या काठावर जाऊन शिकवा. आणि जाल ते पाण्यातूनच जा.